बंदूक आणि काडतूस : निवड सुरक्षिततेची

कोकणातील डोंगरउतारावरची भातशेती असो, की विदर्भातील तुरीचे रान, पीक हाताशी येऊ लागले की रानडुकरांचे कळप शेतात उतरतात आणि शेतकऱ्यास माळ्यावर रात्र जागून काढावी लागते. अशा कित्येक शेतकऱ्यांच्या घरी परवान्याची बंदूक असते. बँकेच्या दारात उभा असलेला रक्षक, रोकड घेऊन जाणाऱ्या गाडीतील पहारेकरी, साखर कारखान्याच्या फाटकावरील चौकीदार यांच्या हातीही बहुधा तीच, बारा बोअरची बंदूक दिसते. ग्रामीण जीवनाशी या शस्त्राचा संबंध जुना आहे. तथापि या बंदुकीत घालावयाच्या काडतुसाविषयी मात्र आश्चर्य वाटावे इतके अज्ञान आढळते.

बंदूक घेताना माणूस दहा जणांना विचारतो. काडतूस घेताना तो दुकानदारास एवढेच सांगतो : “चांगले जोरदार द्या.” वस्तुतः बंदुकीची नळी फुटून बोटे वा डोळा गमावण्याचे प्रसंग अनेकदा न शोभणाऱ्या काडतुसामुळे ओढवतात. कोणते काडतूस अधिक जोरदार, हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्या बंदुकीसाठी कोणते काडतूस बनविलेले आहे, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर दुकानदाराच्या शिफारशीवरून मिळत नाही. ते नळीवर कोरलेल्या आणि काडतुसावर छापलेल्या अंकांतून मिळते. हे अंक वाचता येणे हीच सुरक्षिततेची पहिली पायरी आहे.

‘बारा’ म्हणजे काय?

बंदुकीचा बोअर सांगण्याची पद्धत जुनी आहे. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घेतली आणि तशा बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरले, तर ती नळी बारा बोअरची. म्हणजेच अशी एक गोळी सुमारे ३८ ग्रॅम वजनाची आणि नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर. वीस गोळ्यांचे वजन एक पौंड होत असेल, तर गोळी लहान आणि नळीही अरुंद. तिचा व्यास सुमारे १५.६ मिलिमीटर भरतो. सोळा बोअर या दोहोंच्या मध्ये येतो. म्हणून बोअरचा अंक जितका मोठा, तितकी नळी बारीक. यास अपवाद फक्त ‘४१०’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंदुकीचा. तेथे हा अंक इंचाच्या हजारांश भागांत नळीचा व्यासच सांगतो.

ज्या घरात दोन वेगवेगळ्या बोअरच्या बंदुका आहेत तेथे एक भयंकर चूक संभवते. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या नळीत गेले, तर ते काडतुसाच्या जागेवर न थांबता पुढे घसरते आणि नळी जेथे निमुळती होते तेथे अडकून बसते. घोडा ओढला तरी बार उडत नाही. आपण काडतूस घालावयास विसरलो, अशी माणसाची समजूत होते आणि तो मागून बारा बोअरचे काडतूस भरतो. आता चाप ओढला की मागचा बार पुढच्या अडकलेल्या काडतुसावर आदळतो आणि नळी फाटते, तीही नेमकी बंदूक पेलणाऱ्या डाव्या हाताजवळ. ही चूक टळावी म्हणून अनेक उत्पादक वीस बोअरच्या काडतुसांचे कवच पिवळ्या रंगाचे करतात. परंतु केवळ रंगावर विसंबणे योग्य नाही. दोन बोअरची काडतुसे एका पेटीत, एका पिशवीत वा एका खिशात कधीही ठेवू नयेत.

लांबीचा फसवा हिशेब

बोअर जुळला म्हणजे काम झाले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. काडतूस ज्या जागेत बसते तिला चेंबर म्हणतात आणि या चेंबरची लांबी बंदुकीगणिक वेगळी असते. बारा बोअरमध्ये अडीच इंच (६५ मि.मी.), पावणेतीन इंच (७० मि.मी.) आणि तीन इंच (७६ मि.मी.) या लांब्या प्रामुख्याने आढळतात. वाडवडिलांकडून आलेल्या जुन्या विलायती दुनळी बंदुका बहुधा अडीच इंची चेंबरच्या असतात. अलीकडच्या बंदुका सामान्यतः ७० मिलिमीटरच्या, तर काही ७६ मिलिमीटरच्या असतात.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. काडतुसावर छापलेली लांबी ही बार उडून गेल्यानंतर त्याचे तोंड पूर्ण उघडते तेव्हाची असते. न उडविलेल्या काडतुसाचे तोंड आत दुमडलेले असल्यामुळे ते त्याहून जवळजवळ एक सेंटिमीटर आखूड दिसते. परिणामी ७६ मिलिमीटरचे काडतूस ७० मिलिमीटरच्या चेंबरमध्ये विनासायास बसते, बंदूक व्यवस्थित मिटते आणि सर्व काही ठीक आहे असा भास होतो. बार होताना मात्र दुमडलेल्या तोंडास उघडण्यास जागा उरत नाही. ते नळीच्या निमुळत्या भागात शिरून छर्ऱ्यांची वाट अडविते आणि आतील दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढतो. युरोपातील प्रमाणन नियमांनुसार बारा बोअरच्या सामान्य काडतुसाचा कमाल दाब ७४० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सातशे पटींहून अधिक मानला जातो. अधिक शक्तीच्या काडतुसांसाठी ही मर्यादा १०५० बार आहे. एवढ्या दाबासाठी न बनलेल्या नळीत तो निर्माण झाला तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको.

यास्तव एक सोपा नियम ध्यानात ठेवावा : आखूड काडतूस लांब चेंबरमध्ये चालते, लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये कदापि चालत नाही. ‘काडतूस आत बसले’ हा ते योग्य असल्याचा पुरावा नव्हे. नळीच्या बुडाशी ‘१२/७०’ अशा स्वरूपात बोअर व चेंबरची लांबी कोरलेली असते. जुन्या बंदुकीवर हा मजकूर नसेल किंवा झिजला असेल, तर परवानाधारक शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून चेंबर मोजून घ्यावे आणि तोवर ती बंदूक वापरू नये. ‘मॅग्नम’ असे छापलेले काडतूस तर बंदुकीवर तशी स्पष्ट नोंद असल्याशिवाय हाती घेऊ नये.

जुनी बंदूक, नवी दारू

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सर्व बंदुका काळ्या दारूसाठी बनत. पुढे बिनधुराची दारू प्रचारात आली. तिच्या दाबाची चढण वेगळी आणि ताकद अधिक. या नव्या दारूसाठी नळ्या तपासून त्यांवर मोहोर उठविण्याची पद्धत लंडन व बर्मिंगहॅम येथील चाचणीगृहांनी रूढ केली. जुन्या विलायती बंदुकीवर ‘नायट्रो प्रूफ’ अशी अक्षरे वा ‘एनपी’ हे चिन्ह असेल, तर ती बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली आहे असे समजावे. अर्थात ती तपासणी त्या काळच्या नळीची असते. नंतर गंजलेल्या, घासून पातळ झालेल्या किंवा ठोकून सरळ केलेल्या नळीस तिचा आधार घेता येत नाही.

काही जुन्या बंदुकांच्या नळ्यांवर पाण्यावरील तरंगांसारखी सुंदर नक्षी दिसते. लोखंड व पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, तापवून, एकत्र सांधून या नळ्या घडविल्या जात. त्या सांध्यांत आतून गंज शिरला तरी बाहेरून दिसत नाही. अशा बंदुकीत आजचे काडतूस घालणे म्हणजे जिवाशी खेळ होय. ती घराण्याची आठवण म्हणून, कायद्यानुसार नोंदवून जपावी, चालवू नये.

ठासणीच्या बंदुकीविषयी तर विशेष सावधगिरी हवी. पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आजही या बंदुका आहेत. त्यांत केवळ काळी दारूच वापरावयाची असते. काळी दारू मिळाली नाही म्हणून बारा बोअरचे काडतूस फोडून त्यातील दारू ठासणीच्या नळीत भरणे हा अत्यंत घातक प्रकार आहे. काळ्या दारूच्या मापाने बिनधुराची दारू भरली की नळी टिकणे अशक्यच. त्याचप्रमाणे उडविलेल्या काडतुसाचे कवच घरी पुन्हा भरून वापरू नये. दारूचे वजन, डाटाची जाडी आणि छर्ऱ्यांचा भार यांचा मेळ कारखान्यात मोजून साधलेला असतो. शिवाय परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे.

छर्रा कोणता?

बंदुकीस शोभणारे काडतूस कोणते ते ठरल्यानंतर छर्ऱ्याच्या आकाराचा प्रश्न येतो. भारतात ब्रिटिश पद्धतीची नावे रूढ आहेत. येथेही अंक उलटा चालतो : क्रमांक वाढतो तसा छर्रा लहान होतो. आठ क्रमांकाचा छर्रा सुमारे २.२ मि.मी., सहा क्रमांकाचा २.६ मि.मी., चार क्रमांकाचा ३.१ मि.मी. आणि एक क्रमांकाचा ३.६ मि.मी. जाडीचा असतो. त्यापुढे अंक संपून अक्षरे सुरू होतात : ‘बीबी’ ४.१ मि.मी., ‘एसजी’ ८.४ मि.मी. आणि ‘एलजी’ ९.१ मि.मी. बत्तीस ग्रॅम भाराच्या काडतुसात सहा क्रमांकाचे सुमारे तीनशे छर्रे मावतात. ‘एसजी’चे मात्र अवघे नऊ.

छर्रा किती दूर जातो, हे सांगणारा एक जुना व उपयुक्त ठोकताळा आहे. छर्ऱ्याची जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन तिला ऐंशीने गुणले, की तो जास्तीत जास्त किती मीटर जाईल याचा अंदाज मिळतो. सहा क्रमांकाचा छर्रा दोनशे मीटरच्या आसपास जमिनीवर येतो. ‘एसजी’चा छर्रा मात्र साडेसहाशे मीटरांच्याही पुढे पोहोचू शकतो. बंदुकीचा खरा उपयोगी पल्ला सुमारे पस्तीस ते चाळीस मीटरच आहे. म्हणजे नेम साधण्याचे अंतर थोडे आणि इजा करू शकणारे अंतर त्याच्या कित्येक पट. बांधापलीकडची वस्ती, पायवाट, गुरे राखणारी मुले यांचा विचार या दुसऱ्या अंतरावरून करावयाचा असतो.

यावरून निवडीची दिशा स्पष्ट होते. बार काढून केवळ आवाजाने कळप हुसकावयाचा असेल, तर बारीक छर्ऱ्यांचे काडतूस पुरेसे आहे. मोठ्या छर्ऱ्याने आवाज वाढत नाही, धोका मात्र वाढतो. बार काढताना समोर मातीचा उंच बांध असावा. कातळ, जांभ्याचा गडगा किंवा पाणी यांवर आपटून छर्रा कोणत्याही दिशेस उसळतो. याउलट वनखात्याच्या लेखी परवानगीने रानडुकराचा बंदोबस्त करावयाचा असेल, तर बारीक छर्रा सर्वस्वी अयोग्य. त्याने जनावर मरत नाही. ते जखमी होऊन रानात शिरते आणि दुसऱ्या दिवशी सरपणास गेलेल्या स्त्रीवर उलटते. अशा कामी कोणते काडतूस वापरावे हे परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याशी बोलूनच ठरवावे.

बँका व सहकारी संस्था यांनीही या बाबीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. गजबजलेल्या बाजारपेठेत ‘एसजी’ काडतुसाचा एक बार म्हणजे नऊ स्वतंत्र गोळ्या होत, आणि त्यांपैकी प्रत्येकीस पुढे कोण उभे आहे हे ठाऊक नसते. रक्षकाच्या पट्ट्यात कोणती काडतुसे असावीत, हे दुकानात त्या दिवशी काय मिळाले यावर सोडू नये. स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांचा सल्ला घेऊन संस्थेने ते लेखी ठरवावे.

नळीचे तोंड

कित्येक बंदुकांच्या नळ्या तोंडाशी किंचित आवळलेल्या असतात. यास चोक म्हणतात. पूर्ण चोकमध्ये हे आवळणे सुमारे एक मिलिमीटरचेच असते. परंतु परिणाम मोठा होतो. साडेछत्तीस मीटरवर ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात सरळ नळीचे सुमारे चाळीस टक्के छर्रे पडतात, तर पूर्ण चोकच्या नळीचे सत्तर टक्के. दुनळी बंदुकीत बहुधा दोन नळ्यांचे चोक वेगवेगळे असतात. एकच मोठी गोळी असलेले काडतूस आवळलेल्या नळीतून उडविणे धोक्याचे असते. काडतूस चोकच्या नळीसाठी योग्य असल्याचे उत्पादकाने स्पष्ट सांगितले नसेल, तर ते वापरू नये. जुन्या नळीवर ‘नॉट फॉर बॉल’ अशी अक्षरे असल्यास ती गोळीसाठी नाही, हे तर उघडच आहे.

परदेशी काडतुसांपैकी काहींत शिशाऐवजी पोलादी छर्रे असतात. शिशाचे छर्रे पाणथळ जागी पडून पक्ष्यांना विषबाधा होते, म्हणून अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी त्यांवर बंदी घातली. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ भागात ती लागू केली. हेतू स्तुत्य आहे. तथापि कठीण पोलादी छर्रा जुन्या, पातळ आणि घट्ट चोकच्या नळीस इजा करतो. आपल्याकडील जुन्या बंदुकांना शिशाची साधी काडतुसेच योग्य होत. पुण्याजवळ खडकी येथे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा सरकारी कारखाना सुरू झाला. बारा बोअरची काडतुसेही तेथे तयार होत आली आहेत आणि त्यांच्या बुडावरील ‘केएफ’ हा छाप जुन्या परवानाधारकांच्या परिचयाचा आहे. आयुध निर्माणी मंडळाची २०२१ मध्ये पुनर्रचना झाल्यापासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे.

पावसाळा आणि फुसका बार

आपल्या हवामानात काडतुसाचा मोठा शत्रू म्हणजे दमटपणा. कागदी कवच ओल धरून फुगते, पितळी बुडावर हिरवट गंज चढतो आणि दारू निर्जीव होते. फुगलेले काडतूस ठोकून आत बसवू नये. ते तेलानेही पुसू नये, कारण तेल टोपीपर्यंत झिरपून तिला निकामी करते. काडतुसे मूळ खोक्यातच, कोरड्या व थंड जागी, बंदुकीपासून वेगळी आणि कुलपात ठेवावीत. चुलीजवळची फळी किंवा पत्र्याखालचा माळा ही त्यांची जागा नव्हे.

ओल लागलेल्या काडतुसाचा बार कधी कधी फुसका निघतो. आवाज बसका येतो, खांद्यास धक्का जाणवत नाही. अशा वेळी दुसरा बार काढण्याची घाई प्राणघातक ठरते. कारण पहिल्याचा डाट नळीतच अडकलेला असू शकतो. बंदूक रिकामी करून मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतो का ते पाहावे. चाप ओढूनही बार झालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेस धरून निदान एक मिनिट थांबावे आणि मगच बंदूक उघडावी.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवान्यावर बंदुकीबरोबर काडतुसांची संख्याही नमूद असते. एका वेळी किती बाळगावयाची आणि वर्षभरात किती घ्यावयाची याची मर्यादा ओलांडणे हा गुन्हा आहे. खरेदी परवानाधारक विक्रेत्याकडून, नोंद करूनच व्हावी. वरातीत वा मिरवणुकीत आनंदाच्या भरात बार काढण्याची प्रथा २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे दंडनीय ठरविली आहे. इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्या अशा कृत्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पीकसंरक्षणासाठी मिळालेला परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे, ही गोष्टही गावोगावी सांगितली पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली रानडुक्कर व नीलगाय यांना संरक्षण आहे. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या अशा प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक वा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. तो हाती येईपर्यंत थांबणे बंधनकारक आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत शस्त्राचा नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याची बंदूक आणि ट्रंकेतील जुनी काडतुसे वारसांकडे राहून जातात. ती तशीच ठेवणे बेकायदा आणि धोक्याचे आहे. जुनी काडतुसे जमिनीत पुरू नयेत, विहिरीत टाकू नयेत, होळीत तर मुळीच नाही. बंदूक व काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावीत.

खंडेनवमीचे निमित्त

आपल्याकडे खंडेनवमीस शस्त्रे काढून, पुसून, त्यांची पूजा करण्याची परंपरा आहे. हा दिवस येतो तोही पावसाळा सरताना, म्हणजे चार महिन्यांची ओल बंदुकीने व काडतुसांनी सोसल्यानंतर. या पूजेस एका तपासणीची जोड देता येईल. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळीतून उजेड पाहावा, कारण कुंभारीण माशीने आत बांधलेले चिखलाचे घरही नळी फोडावयास पुरेसे असते. नळीवरील बोअर व चेंबरचा अंक वाचावा. प्रत्येक काडतुसावरील अंक त्याच्याशी ताडून पाहावा. परवान्यावरील संख्या आणि मुदत तपासावी. फुगलेली, गंजलेली किंवा अंक न वाचता येणारी काडतुसे वेगळी काढून विक्रेत्याकडे वा पोलीस ठाण्यात द्यावीत.

या तपासणीस अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही आणि लिहितावाचता येणाऱ्या कोणासही ती करता येते. नळीवरचा झिजलेला इंग्रजी अंक म्हाताऱ्या परवानाधारकास दिसत नसेल, तर गावच्या शिक्षकाने तो वाचून दाखवावा. दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत सरपंचांनी परवानाधारकांना तपासणी झाली का, एवढे विचारले तरी पुरे आहे. पीक राखण्यासाठी घेतलेली बंदूक पीक राखणाऱ्याचाच हात घेऊन जाऊ नये, याची व्यवस्था गावाला गावातच करता येण्यासारखी आहे.